फिल्टर नवा, तरी तेलात धूळ : ऑइलच्या रिपोर्टवरून हवेची चोरवाट कशी सापडली

आमच्या खडी क्रशरवर एक वीस टनी पोकलेन आहे. तिचं इंजिन पहिल्यांदा खोललं ते ९,२०० तासांना. त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही, दगडाच्या कामात एवढे तास म्हणजे इंजिनाने आपलं काम केलं होतं. पण नवे लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्या), नवे पिस्टन, नव्या रिंगा घालून जेमतेम २,२०० तास झाले आणि परत तेच सुरू झालं. सकाळी निळा धूर, डिपस्टिक काढली की नळीतून फुसफुस, दिवसाला लिटरभर ऑइल वरून घालायचं. ११,४०० तासांना इंजिन दुसऱ्यांदा खाली उतरवलं.

ज्यांच्याकडे असंच घडतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. ओव्हरहॉल झालं, फिल्टर वेळेवर बदलले, ऑइल चांगलं वापरलं, तरी रिंगा टिकत नाहीत, आणि दोष कधी ऑपरेटरवर, कधी मिस्त्रीवर, कधी पार्टवर जातो. आमच्याकडेही तिघांवर जाऊन झाला होता.

दुसऱ्यांदा लायनर बाहेर काढला तेव्हा तो हातात घेऊन मी नीट पाहिला. वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग वळते तिथे, नख अडकेल अशी कड झाली होती. होनिंगच्या, म्हणजे तेल धरून ठेवायला लायनरवर मुद्दाम ओढलेल्या, तिरप्या रेषा वरच्या भागात पार गेलेल्या, खालच्या भागात मात्र शाबूत. रिंगांमध्ये पहिली सगळ्यात जास्त खाल्लेली, ऑइल रिंग त्या मानाने बरी. रिंगेचा घासणारा काठ आरशासारखा चकचकीत नव्हता, राख लावून घासलेल्या भांड्यासारखा मंद करडा होता. वरून सुरू होऊन खाली कमी होत जाणारी झीज म्हणजे घासणारी वस्तू हवेबरोबर वरून आली. धूळ ऑइलमधून आली असती, म्हणजे घाणेरडं नरसाळं, उघडा राहिलेला कॅन, तर ऑइल रिंग आणि बेअरिंगं आधी गेली असती. इंजिन खोलताना एवढा फरक पाहून ठेवला तर पुढचा अर्धा शोध वाचतो. पहिल्या वेळी आम्ही तो पाहिला नाही. जुना माल भंगारात गेला, आणि पुरावाही त्याच्याबरोबर गेला.

या वेळी ठरवलं की दर २५० तासांना ऑइल बदलताना सॅम्पल लॅबला पाठवायचं.

सॅम्पल काढण्याबद्दल

यात चूक झाली तर पुढचं सगळं फुकट, म्हणून आधी हेच. इंजिन कामावरून आलेलं, ऑइल गरम हवं. बंद करून पाच-दहा मिनिटांत, डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढायचं. पंपाची प्लॅस्टिक नळी डिपस्टिकला लावून मोजून कापली की टोक तेलाच्या मध्यावर राहतं, तळाच्या गाळात जात नाही. पंप नसेल तर ड्रेन बोल्ट उघडून पहिलं ऑइल वाहू द्यायचं, आणि मधल्या धारेतून बाटली भरायची. पहिली धार कधीच घेऊ नये.

बाटलीचं झाकण शेवटच्या क्षणापर्यंत उघडायचं नाही. क्रशरवर हे फार महत्त्वाचं. शंभर मिलीच्या बाटलीत दहा मिलिग्रॅम बारीक धूळ पडली, म्हणजे चिमटीतल्या चिमटीत मावणारी, तरी रिपोर्टात सिलिकॉन, म्हणजे ज्यावरून धूळ ओळखतात तो आकडा, पंचवीसएक पीपीएमने (दहा लाखात पंचवीस भाग) फुगू शकतो. मग इंजिन चांगलं असूनही आपण घाबरून बसतो. मी सॅम्पल वर्कशॉपच्या आत, शटर ओढून काढतो.

बाटलीवर तीन गोष्टी लिहायच्या : मशीनचे एकूण तास, या ऑइलचे तास, आणि मधल्या काळात वरून किती लिटर घातलं. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. बावीस लिटरच्या संपात (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) अडीचशे तासांत दहा लिटर नवं ऑइल पडलं असेल तर सगळे आकडे पातळ होऊन येतात. जे इंजिन जास्त ऑइल पितं त्याचा रिपोर्ट त्यामुळे आहे त्यापेक्षा बरा दिसतो.

आणि एकदा नव्या, न वापरलेल्या ऑइलचंही सॅम्पल द्या. ऑइलला फेस येऊ नये म्हणून त्यात सिलिकॉनचं ॲडिटिव्ह असतं. आमच्या ऑइलमध्ये कोऱ्या डब्यातच सिलिकॉन ६ पीपीएम निघाला. तेवढा दर वेळी वजा करायचा.

आमचे आकडे

दुसऱ्या ओव्हरहॉलनंतरची चार सॅम्पलं अशी आली. सगळे आकडे पीपीएममध्ये, ऑइलचे तास प्रत्येक वेळी २५०.

११,६५० तास : सिलिकॉन ४८, अ‍ॅल्युमिनियम ३, लोह ३५, क्रोमियम १
११,९०० तास : सिलिकॉन २७, अ‍ॅल्युमिनियम ५, लोह २८, क्रोमियम १
१२,१५० तास : सिलिकॉन ४१, अ‍ॅल्युमिनियम १३, लोह ६४, क्रोमियम ४
१२,४०० तास : सिलिकॉन ५२, अ‍ॅल्युमिनियम १७, लोह ८१, क्रोमियम ६

पहिला रिपोर्ट आला त्या दिवशी मालकांचा फोन आला. लॅबने सिलिकॉनसमोर लाल खूण केली होती. "परत धूळ? आत्ता तर इंजिन बांधलंय!" मीही हादरलो होतो. लॅबमधल्या केमिस्टबाईंना फोन केला, तर त्यांनी आधी विचारलं, इंजिन नुकतंच उघडलं होतं का. मग म्हणाल्या, "अ‍ॅल्युमिनियम बघा ना, तीनच आहे. ही धूळ नाही, हे तुमचं गॅस्केट मेकर आहे."

तसंच होतं. संप, टायमिंग कव्हर, सगळीकडे ट्यूबमधलं सिलिकॉन सीलंट लावलेलं. ते पहिल्या एक-दोन ऑइलांत सुटतं, सिलिकॉनचा आकडा वर नेतं, पण घासत काही नाही. लोह-क्रोमियम नव्या इंजिनाला शोभेल एवढंच राहतं, अ‍ॅल्युमिनियम हलत नाही, आणि पुढच्या बदलाला आकडा आपोआप उतरतो. आमचा ४८ वरून २७ वर आला तो असा. पहिल्या लाल खुणेला घाबरून कुणी परत इंजिन उघडलं तर पुन्हा सीलंट लागणार, पुन्हा सिलिकॉन वाढणार.

तिसऱ्या रिपोर्टात मात्र चित्र पालटलं. सिलिकॉन चढला, आणि या वेळी एकटा चढला नाही. अ‍ॅल्युमिनियम अडीचपट, लोह दुपटीहून जास्त, क्रोमियम एकाचा चार. लोह लायनरचं, क्रोमियम रिंगेचं. शिसं ३, तांबं ६, दोन्ही पहिल्यापासून तिथेच. म्हणजे बेअरिंगं शांत होती आणि वरचा मजला झिजत होता. सोडियम आणि पोटॅशियम दहाच्या आत, म्हणजे कूलंटही नाही. कूलंटमध्ये सिलिकेट असतं, हेड गॅस्केटमधून किंवा ऑइल कूलरमधून ते ऑइलमध्ये उतरलं तरी सिलिकॉन वाढतो, पण त्याच्याबरोबर सोडियम किंवा पोटॅशियम उडी मारल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे तो संशय तिथेच मिटला.

सिलिकॉनच्या आकड्याला म्हणूनच एकट्याने काही अर्थ नाही. त्याच्यासोबत कोण आलंय ते पाहायचं.

आपला दगड, आपली माती

बाईंनी दुसरा प्रश्न विचारला तो मला अजून आठवतो. "तुमच्याकडे कुठला दगड फुटतो?"

आमचा क्रशर सातारा जिल्ह्यात, दगड काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. या दगडात सिलिका ४८ ते ५० टक्के आणि अ‍ॅल्युमिना १३-१४ टक्क्यांच्या आसपास. लॅबचं मशीन ऑक्साइड मोजत नाही, मूलद्रव्य मोजतं, त्यामुळे तसा हिशोब केला तर सिलिकॉन सुमारे २३ टक्के आणि अ‍ॅल्युमिनियम ७ टक्के. म्हणजे तीनास एक. आता आमचे आकडे घ्या. कोऱ्या ऑइलचे ६ वजा करून तिसऱ्या सॅम्पलात ३५ ला १३, चौथ्यात ४६ ला १७. दोन्ही वेळा पावणेतीनास एक. थोडं अ‍ॅल्युमिनियम पिस्टनचंही येतं, म्हणून प्रमाण तीनच्या जरा खाली. पहिल्या सॅम्पलात हेच प्रमाण ४२ ला ३, चौदास एक होतं. तो सीलंट, हा आमचाच दगड.

हे प्रमाण सगळीकडे सारखं नसतं, आणि इथे बरेच लोक फसतात. काळ्या मातीच्या शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरचं दोन ते चारच्या दरम्यान कुठेतरी येईल. कणकवलीकडे कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. तिथली धूळ म्हणजे जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ, अ‍ॅल्युमिनियम नगण्य. तिथे सिलिकॉन एकटाच चढलेला दिसेल आणि कुणीतरी "सीलंट असेल" म्हणून सोडून देईल. अशा वेळी क्रोमियम आणि लोहाकडे पाहायचं; ते चढत असतील तर ती वाळूच. कोकणातल्या जांभ्याचं याच्या अगदी उलट. जांभ्यात सिलिका धुऊन गेलेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर. चिऱ्यांच्या खाणीवरच्या मशीनमध्ये धूळ जात असली तरी सिलिकॉन मर्यादेतच दिसू शकतो, आणि अ‍ॅल्युमिनियम वाढलेलं पाहून लोक पिस्टन बाहेर काढतात. शिवाय तिथल्या धुळीत लोहही असतं, म्हणून तेवढ्यावरून झीज ठरवता येत नाही. तिथे क्रोमियमच खरा साक्षीदार.

पिस्टनच खरोखर खरडत असेल तर अ‍ॅल्युमिनियम सिलिकॉनच्या पुढे निघून जातं, कारण पिस्टनच्या मिश्रधातूत सिलिकॉन असला तरी अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने थोडाच असतो.

एक हिशोब मी मालकांना कागदावर मांडून दाखवला. बावीस लिटर ऑइल म्हणजे सुमारे १९ किलो. त्यात ४६ पीपीएम सिलिकॉन म्हणजे पाऊण ग्रॅमच्या थोडा वर. आमच्या दगडाच्या धुळीत रूपांतर केलं तर पावणेचार-चार ग्रॅम. चहाचा चमचाभर साखर असते तेवढी. आणि हे फक्त ऑइलमध्ये तरंगत राहिलेलं, मशीनला दिसलेलं. लॅबचं स्पेक्ट्रोमीटर साधारण पाच ते आठ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट पकडत नाही, मोठे कण ऑइल फिल्टरमध्ये बसतात, आणि बरीच धूळ सायलेन्सरवाटे निघून जाते. लायनरवरून घासून गेलेली सगळी धूळ मोजली तर ती याहून कितीतरी जास्त. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ फारसं नसतं हे खरं, पण त्यातलं फेल्स्पार हे खनिज कठीणपणात, मोह्सच्या दहाच्या मापावर, सहा-साडेसहाचं आहे. लायनरचं बीड त्याच्यापुढे टिकत नाही.

फिल्टर बदलला, आकडा वाढला

तिसऱ्या रिपोर्टानंतर आम्ही जे केलं ते कुणीही केलं असतं. बाहेरचा मोठा फिल्टर आणि आतला सेफ्टी फिल्टर, दोन्ही नवे टाकले. हाउसिंग, म्हणजे फिल्टरचा डबा, पुसलं. खालचा रबरी डस्ट व्हॉल्व्ह बदलला. आणि पुढच्या अडीचशे तासांनी सिलिकॉन ४१ चा ५२ झाला.

हीच खरी खूण होती, ती वाचायला मला दोन दिवस लागले. फिल्टर गळत असता तर नव्या फिल्टरने आकडा निदान थांबला असता. तो वाढला, म्हणजे धूळ फिल्टरमधून येतच नव्हती. ती फिल्टरच्या पुढे कुठेतरी शिरत होती.

फिल्टर आणि टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) यांच्या मधला रस्ता हीच ती जागा. टर्बोच्या पुढे हवा दाबाखाली असते, तिथे भोक पडलं तर हवा बाहेर फुसकते, शिट्टीसारखा आवाज येतो, पिकअप कमी होतो. फिल्टरपासून टर्बोपर्यंत मात्र ओढ असते. आमचं इंजिन सहा सिलिंडर, सहा लिटरला थोडं कमी. १,८०० आरपीएमला नुसतं सिलिंडरांच्या मापाने ते मिनिटाला पाच हजार लिटरहून जास्त हवा ओढतं, टर्बोमुळे आणखी वर. एवढ्या ओढीपुढे छोटीशी फटसुद्धा पुरते. आवाज येत नाही, ताकद कमी होत नाही, आणि फिल्टरचा इंडिकेटरही लाल होत नाही, कारण फिल्टर चोंदलेला नसतोच. डोळ्याला काहीच दिसत नाही म्हणून इंजिन पुन्हा पुन्हा जातं.

तपास मी असा केला. मोठा फिल्टर काढला, सेफ्टी फिल्टरच्या बाहेरच्या अंगावर पांढरं फडकं फिरवलं. स्वच्छ. म्हणजे मोठा फिल्टर आणि त्याची रबरी सील आपलं काम करत होती. सेफ्टी काढला, त्याच्या आतल्या तोंडाशी फडकं फिरवलं. तिथेही स्वच्छ. मग टर्बोच्या तोंडावरचा रबरी एल्बो, म्हणजे वळणाचा पाइप, सोडला आणि आत बोट घातलं. बोटाला करडी, मैद्यासारखी भुकटी लागली. टर्बोच्या चाकाच्या पात्यांच्या पुढच्या कडा हाताला धार गेल्यासारख्या लागत होत्या, पातळ झालेल्या.

एल्बो उन्हात नेऊन आतून पाहिला. धूळ सगळीकडे सारखी नव्हती. खालच्या बाजूने, क्लॅम्पच्या कडेपासून एक पट्टा निघत होता, सुरुवातीला बोटाच्या पेराएवढा रुंद, पुढे टर्बोच्या दिशेने पसरत पसरत फिका होत गेलेला. शेपटीसारखा. शेपटीचं निमुळतं टोक जिथे, भोक तिथे. पण बाहेरून त्या जागी काहीच दिसेना. क्लॅम्प घट्ट, रबर अखंड.

एल्बो परत बसवला, टर्बोच्या बाजूला बुच मारलं, फिल्टर हाउसिंगच्या बाजूने रेग्युलेटर लावून हवा भरली. इथे दाब ०.२ बारच्या पुढे नेऊ नये, नाहीतर चांगला पाइपच निसटतो. साबणाचं पाणी शिंपडलं. एक बुडबुडा नाही.

आमचे जुने मिस्त्री बाजूला बसून हे सगळं बघत होते. मी त्यांना मामा म्हणतो. ते म्हणाले, "उभ्या मशीनमध्ये काय शोधतोस? खोदताना बघ." ऑपरेटरलाही तेव्हाच तोंड फुटलं. "अण्णा, बकेट दगडात घातली ना, की एअर क्लीनर नाचतो." हे तो सहा महिने पाहत होता. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

मामांनी हाउसिंगला हात घातला आणि बाजूला ढकललं. एअर क्लीनरच्या ब्रॅकेटचा मागचा बोल्ट तुटलेला होता. डोकं जागेवर, शेंडा आत, मधे काही नाही. हाउसिंग सरकलं तसा एल्बो पिळला, आणि क्लॅम्पच्या खाली, रबराच्या वळणात, साबणाच्या पाण्याला फेस आला. मामांनी हात सोडला, फेस थांबला. परत ढकललं, परत फेस. क्लॅम्प काढला तेव्हा त्याच्या पट्टीने रबरात कापलेली चीर दिसली, अंगठ्याच्या नखाएवढी लांब. मशीन उभं असताना तिचे ओठ मिटलेले असत. लोड आला की उघडत. पहिल्या ओव्हरहॉलच्या आधीपासून तो एल्बो तोच होता. दोन्ही वेळा इंजिन नवं झालं, एल्बो जुनाच परत चढला, "रबर चांगलंय अजून" म्हणून. मीच तसं म्हणालो होतो.

नवा एल्बो, रुंद पट्टीचे टी-बोल्ट क्लॅम्प, ब्रॅकेटला नवे बोल्ट आणि रबर बुश. पाइपचा आतला भाग पुसून त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवला, जोडाच्या पुढे, पण टर्बोच्या तोंडाच्या थोडा अलीकडे, अगदी फिल्मसारखा. दहा तास मशीन चालवून परत उघडलं तर ग्रीस स्वच्छ होतं. गळती असती तर त्यावर धूळ चिकटलेली दिसली असती. शंका असलेल्या कुठल्याही मशीनवर ही चाचणी करता येते, लॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता. मात्र चालू इंजिनाच्या पाइपवर ईथर, कार्ब क्लीनर किंवा कुठलाही पेटणारा स्प्रे मारून गळती शोधू नका. डिझेल इंजिन तो ओढून घेतं आणि वेग हाताबाहेर जाऊ शकतो.

इतर वाटा

एल्बो हे आमचं कारण. तुमचं वेगळं असू शकतं. मी स्वतः पाहिलेल्या जागा सांगतो.

चोक इंडिकेटर. तो फिल्टरच्या स्वच्छ बाजूला आट्यांमध्ये बसतो. तुटला की कुणीतरी काढून टाकतं आणि भोकात कापडाचा बोळा किंवा लाकडाची खुंटी मारतं. ते भोक थेट टर्बोकडे उघडतं. इंडिकेटर नसेल तर आट्यांचं बुच बसवा.

टिपरवर ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरची सक्शन नळी बऱ्याचदा याच स्वच्छ पाइपमधून काढलेली असते. ती नळी तडकली किंवा निसटली तर इंजिन आणि कॉम्प्रेसर दोघेही धूळ खातात. ड्रायव्हरचं लक्ष ब्रेकच्या प्रेशरवर असतं, आणि ते व्यवस्थित भरत असतं.

टर्बो नसलेल्या इंजिनात, जुन्या ट्रॅक्टरात, छोट्या जनरेटरात, ओढ थेट मॅनिफोल्डपर्यंत असते, म्हणून मॅनिफोल्डचं गॅस्केटही संशयात घ्यावं. जुन्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर तेलाच्या वाटीचा असेल तर आधी वाटीतलं तेल पाहा. खुणेच्या खाली असेल, किंवा चिखल होऊन बसलं असेल, तर तिथेच उत्तर आहे.

आणि फिल्टरला हवा मारणं. याबद्दल मला राग येतो, कारण हे काळजीपोटी केलं जातं आणि नुकसान करतं. सकाळी फिल्टर काढायचा, टायरवर आपटायचा, कॉम्प्रेसरच्या आठ बारच्या हवेने बाहेरून आत झोडायचा, परत घालायचा. आपटल्याने कडेची सील वाकते, कागद चुण्यांच्या वळणावर फाटतो. प्रत्येक वेळी हाउसिंग उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडते ती वेगळीच. थोडा भरलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगला गाळतो, वर बसलेला थरच गाळायला मदत करतो. इंडिकेटर लाल होईपर्यंत त्याला हात लावू नये. साफ करायचाच असेल तर दोन बारच्या आत, आतून बाहेर, नोझल लांब धरून, आणि नंतर आत बल्ब सोडून अंधारात बघायचं; सुईच्या टोकाएवढा जरी उजेड दिसला तरी तो फिल्टर भंगार. सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नाही, मोठा फिल्टर तीनदा बदलला की तो बदलायचा.

स्वस्तातला फिल्टर घ्यायचाच असेल तर निदान बसवून पाहा. हाउसिंगमध्ये सहज फिरत असेल, सील दाबली जात नसेल, तर त्याचा कागद कितीही चांगला असो, हवा बाजूने जाणार.

दुरुस्तीनंतर

नवं ऑइल घालून मी लगेच निश्चिंत झालो नाही, कारण ड्रेन केल्यावरही जुनं ऑइल थोडं इंजिनात राहतंच, आणि त्यातली धूळही. १२,६५० तासांना आकडे आले : सिलिकॉन १९, अ‍ॅल्युमिनियम ६, लोह ३३, क्रोमियम १. पुढच्याला, १२,९०० तासांना : ११, ४, २०, आणि क्रोमियम एकाच्या खाली. लॅबा बहुतेक वेळा सिलिकॉन वीस-पंचवीसच्या पुढे गेला की खूण करतात, पण आता मी त्यांच्या रेघेपेक्षा आमच्या या ११ कडे बघतो. पुढच्या रिपोर्टात तो १८ झाला आणि अ‍ॅल्युमिनियम ७ झालं, तर लॅबच्या दृष्टीने सगळं हिरवं असेल, मी मात्र त्याच दिवशी एल्बो सोडून आत बोट घालेन.

झालेली झीज भरून येत नाही. पाचशेहून जास्त तास त्या इंजिनाने धूळ खाल्लीय, रिंगा जेवढ्या गेल्या तेवढ्या गेल्या. दिवसाला पाव लिटर ऑइल ते अजून मागतं, आणि आम्ही ते वहीत लिहून ठेवतो. मशीनवर आता एक गोष्ट कायमची वाढली आहे : दर सोमवारी सकाळी ऑपरेटर इंजिन बंद असताना एअर क्लीनरला दोन्ही हातांनी धरून हलवतो. हललं तर मशीन दगडावर जात नाही, आधी मामांकडे जातं.